माळकरी बादल

निर्मलाबाईंचा कुत्रा माळकरी आहे, असं गावात कुणीही सांगितलं असतं. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या भोंग्यावर ज्या गावांचा दिवस चालतो, त्यातलंच हे एक गाव. भोवती ऊस, केळी, पपई, आणि मधोमध निर्मलाबाईंचे यजमान छगन पाटील यांचं घर. या घरात पिढ्यान् पिढ्या गळ्यात तुळशीची माळ. मटण हा शब्दसुद्धा इथे उच्चारत नसत, फार तर ‘ते’ म्हणत. मुलगा हेमराज शाळेत असताना त्याने एकदा अंड्याचं चित्र असलेली वही आणली, तर निर्मलाबाईंनी ती दुकानात परत करून फुलांच्या चित्राची आणायला लावली होती. अशा घरात जर्मन शेफर्ड जातीचं पिल्लू आलं, तेही सुरतहून, एसी गाडीत बसून. हेमराज तिकडे नोकरीला. मोठ्या घरात आईवडील दोघंच, त्यांना सोबत हवी म्हणून त्याने ते आणलं. रंग काळाकरडा, म्हणून नाव पडलं बादल.

त्याला माळकरी केला तो निर्मलाबाईंनीच. पिल्लू दात शिवशिवण्याच्या वयात होतं, तेव्हा शेजारच्या गल्लीत कुणाकडे बोकडाचं जेवण झालं. बादल तिथून एक हाड घेऊन आला आणि मोठ्या कौतुकाने ते ओट्यावर, निर्मलाबाईंच्या पायाशी ठेवलं. बाईंनी ना आरडाओरडा केला, ना हात उगारला. त्या नुसत्या पाठ फिरवून बसल्या. दिवसभर जेवल्या नाहीत, त्याच्याशी बोलल्या नाहीत, त्याच्याकडे पाहिलं नाही. पिल्लू कासावीस झालं. समोर गेलं की बाई दुसरीकडे वळत. त्याने चेंडू आणून दिला, चप्पल आणून दिली, शेवटी पायपुसणं ओढत आणलं. संध्याकाळी म्हणे त्याने ते हाड स्वतःच्या तोंडाने उचलून गटारात नेऊन टाकलं. हे गटाराचं शेपूट छगनआबांनी मागाहून जोडलेलं असावं, कारण दर वेळी सांगताना गटार थोडं लांब जायचं. पण बादलने त्यानंतर मांसाला तोंड लावलं नाही, एवढं मात्र अगदी खरं.

गावाने त्याची परीक्षाही घेतली. लग्नाच्या पंगतीत पोरांनी तुकडे टाकून पाहिले. हळदीच्या जेवणात एका गुरुजींनी नळीचं हाड नाकाशी धरलं. बादल मान वळवायचा आणि दूर जाऊन बसायचा. लोक तोंडात बोटं घालायचे. सप्ताहात एका कीर्तनकारांनी त्याचा दाखला दिला, तेव्हा मंडपातल्या सगळ्या बायकांनी वळून निर्मलाबाईंकडे पाहिलं. त्या दिवशी बाई जमिनीपासून चार बोटं वरून चालत घरी आल्या. मुलाला चांगली नोकरी लागली तेव्हाही त्यांना इतकं भरून आलं नव्हतं.

बादल खायचा ते सुरतहून येणारे दाणे. तपकिरी, गोल, हाताला खरबरीत. निर्मलाबाईंच्या मते ती कुत्र्यांची बिस्किटं. पोतं कोठीच्या खोलीत, गव्हाच्या शेजारी. त्या स्वतः ओंजळीने त्याच्या ताटलीत दाणे वाढत, ‘खाय’ म्हणत, आणि मगच बादल तोंड खाली घाली. म्हटल्याशिवाय नाही. एकादशीला दाणे बंद, भगर आणि ताक. तो तेही मुकाट खायचा.

या पावसाळ्यानंतर त्याचं अंग बिघडलं. आधी नुसतं खाजवणं, मग कानामागचे केस गेले, मग पाठीवर लाल चट्टे. दाणे खाल्ले की तासाभरात उलटी. निर्मलाबाईंनी कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळी घातल्या, खोबरेल चोळलं, दही-भात भरवला, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून दिली. हेमराजने पोत्यांवर पोती बदलली, दर वेळी आधीच्यापेक्षा महाग. काही म्हणता काही अंगी लागेना. दिवाळी झाली, कारखान्याचा हंगाम सुरू झाला, उसाच्या बैलगाड्या रस्त्याने जाऊ लागल्या, आणि ज्या गाड्यांमागे हा गावाच्या वेशीपर्यंत भुंकत जायचा, त्यांच्याकडे ओट्यावरून नुसता डोळे किलकिले करून पाहू लागला. फासळ्या मोजाव्यात अशा दिसत होत्या.

शहाद्याला भाग्येश नावाचे तरुण जनावरांचे डॉक्टर आहेत. त्यांनी रक्त तपासलं, औषधं दिली, पुन्हा तपासलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी बादलला टेबलावरून खाली उतरवलं आणि आबांना न सांगता थेट निर्मलाबाईंना सांगितलं, की याला कोरडं खाणं आणि धान्य सोसत नाहीये, सगळं करून झालं, आता एकच राहिलंय. कच्चं मांस. हे आपण प्रत्येकाला सांगत नाही, पण याच्या बाबतीत सांगतो आहोत. एक दिवस पोट रिकामं ठेवायचं, मग कोंबडीचा लहान तुकडा किंवा मान, ते पचलं की थोडं काळीज. ताजं, स्वच्छ, आणि हात-भांडी धुऊन. शिजवलेलं हाड मात्र चुकूनही नाही, ते आतड्यात टोचतं.

निर्मलाबाईंना वाटलं, शहरात शिकून आलेल्या पोराला आपल्या घराची कल्पना नाही. त्यांनी शांतपणे समजावलं, की आमच्या घरात ते येत नाही आणि आमच्या बादलने जन्मात ते खाल्लेलं नाही. डॉक्टर बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, “काकू, तुम्ही देता त्या दाण्यांतही कोंबडीचीच भुकटी असते.”

कोठीची खोली, गव्हाशेजारचं पोतं, आपली ओंजळ, सगळं एकदम बाईंच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आबा भिंतीवरचा गाईच्या पोटाचा तक्ता फार लक्ष देऊन वाचत होते.

“तुम्हले माहीत व्हतं?” त्यांनी विचारलं.

“पोत्यावर लिखेल व्हतं,” आबा तक्त्याकडे बघतच म्हणाले. “मी म्हनं, कोन वाचस?”

घरी आल्यावर बाईंनी कोठीची खोली शेणाने सारवून घेतली, पोतं उचलून गोठ्यात ठेवायला लावलं आणि अंघोळ केली. पण राग कुणावर काढावा हेच त्यांना कळेना. आबांवर काढून झाला, हेमराजवर फोनवर काढून झाला. बादलवर काढायला गेल्या, तर तो पायाशी येऊन पडला आणि त्याचं हाडांचं ओझं पावलावर आलं. ते नको इतकं हलकं होतं.

शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण अटी घालून. जे काय करायचं ते शेतातल्या शेडमध्ये. ताटली वेगळी, जागा वेगळी. खाऊ घालायचं ते करमसिंगने. करमसिंग म्हणजे पपईच्या बागेचा राखणदार, अक्राणीच्या डोंगरातला पावरा गडी, बायको-सुनांसह शेतातच राहायचा. आणि मुख्य म्हणजे निर्मलाबाईंच्या ते दृष्टीस पडता कामा नये.

आता आणायचं कुणी? माळकरी छगन पाटील शहाद्याच्या मटणगल्लीत दिसले असते, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी नंदुरबारला पोचली असती. म्हणून आबांनी लांबचा रस्ता धरला. तळोदा, अक्कलकुवा मागे टाकून थेट खापर. गुजरातच्या हद्दीजवळचं बाजाराचं गाव, तिथे आपल्याला कोण ओळखतंय. तोंडाला उपरणं गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून ते दुकानापुढे उभे राहिले. शेजारी तसंच उपरणं गुंडाळलेला आणखी एक जण उभा होता. दोघांनी बराच वेळ एकमेकांकडे पाहायचं टाळलं. मग तो माणूस खोकला, आणि तो खोकला आबा गेली कित्येक वर्षं भजनात ऐकत होते. तो ढोलकीवाला नवलसिंग होता. आबांनी कुत्र्याचं आजारपण सांगितलं. नवलसिंगने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, की आपल्याही घरी कुत्रा आहे. नवलसिंगकडे कुत्रा नाही हे आबांना पक्कं ठाऊक होतं, पण त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून आणायचं काम नवलसिंगने आनंदाने अंगावर घेतलं.

इतकं सगळं जुळून आलं आणि बादलने ते खाल्लं नाही.

करमसिंगने कोंबडीचा तुकडा ताटलीत ठेवला. बादलने वास घेतला, मान वळवली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. करमसिंगला वाटलं, नवी जागा आहे, बुजला असेल. त्याने ताटली ठेवून दिली आणि तो बागेत निघून गेला. परत येऊन बघतो तर माश्या बसलेल्या आणि कुत्रा तिथेच. दुसऱ्या दिवशी आबा गेले. त्यांनी लाडाने सांगितलं, दरडावून सांगितलं, तुकडा त्याच्या ओठांना लावला. बादलने ओठ चाटलेसुद्धा नाहीत. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पोट आत-बाहेर होत होतं, आणि डोळे गावाच्या वाटेवर. करमसिंगच्या सुनेने त्यांच्या स्वतःच्या चुलीवरची मक्याची भाकरी टाकली, ती त्याने खाल्ली आणि ओकून काढली. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले की सलाईन लावू, पण सलाईनवर कुत्रा किती दिवस काढणार.

आबा संध्याकाळी घरी आले ते ओट्यावरच बसून राहिले. चहा निवून गेला. निर्मलाबाईंनी आतून दोनदा विचारलं, तेव्हा ते बोलले.

“हेमराजनी माय, तो आम्हनं आयकत नही. तू सांगशी तवंच तो खाई. भूक्या मरी जाई, पन तुन्हा शब्द मोडाव नही.”

बाई देवघरात जाऊन बसल्या. लग्न होऊन या घरात आल्या त्या दिवशी सासूने गळ्यात माळ घातली होती, तेव्हापासून त्यांनी ते शिवलं नव्हतं, आणि कुणाला ‘ते खा’ म्हणून तर कधी सांगितलंच नव्हतं. वाढणं आणि खा म्हणणं हे या घरात एकच. ज्याला आपण खा म्हणतो त्याचा घास आपलाही असतो, असं त्यांची सासू म्हणायची. मग उद्या तोंड उघडून तो शब्द उच्चारला की आपल्या माळेत राहिलं काय? आणि नाही उच्चारला तर बादल जाणार. यात तिसरी वाट नव्हती. त्यांनी खूप शोधली. देवापुढे बसून त्या शेवटी देवावरच चिडल्या, की कुत्रं देतोस तर त्याला गाईचं पोट तरी द्यायचंस.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या शेतात गेल्या. डिसेंबरचं ऊन, पपईची झाडं फळांनी लगडलेली. शेडशी पोचायच्या आधीच बादलने त्यांना ओळखलं. उठताना त्याचे मागचे पाय एकदा दुमडले, पण तो उठला, आणि शेपटी हलवताना सगळं अंगच हलू लागलं. करमसिंगने ताटली आणून ठेवली आणि तो बाजूला झाला. आबा विहिरीच्या कठड्याशी थांबले.

निर्मलाबाईंनी पदर नाकाला लावला. ताटलीकडे न बघता, पपईच्या झाडांकडे बघत त्या म्हणाल्या, “खाय.”

बादलने ताटलीकडे पाहिलं. मग त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड पदराआड होतं आणि मान दुसरीकडे. त्याची शेपटी हळूहळू थांबली. तो वळला आणि ताटलीकडे पाठ करून, मान ताठ ठेवून बसला.

बाईंना ती पाठ ओळखू आली. ओट्यावर दिवसभर पाठ फिरवून बसल्या होत्या, ती त्यांचीच ही पाठ. जे एवढंसं असताना शिकवलं, ते त्याने अंगात असं मुरवून घेतलं होतं की आता शिकवणारीचं तोंडही त्याला खरं वाटत नव्हतं. शब्द ‘खाय’ म्हणत होता आणि तोंड ‘नको’ म्हणत होतं, आणि बादल तोंडाचं ऐकत होता. तो आयुष्यभर त्यांच्या तोंडाचंच ऐकत आला होता.

मग निर्मलाबाईंनी पदर खाली घेतला. त्या जमिनीवर बसल्या, गुडघे दुखतात म्हणून एरवी कधी बसत नसत. त्यांनी ताटलीत हात घातला. कोंबडीची मान होती. थंडगार, गुळगुळीत, वाटलं होतं त्यापेक्षा जड. पण त्यांनी हात मागे घेतला नाही. नाकात तो वास गेला, ओल्या लोखंडासारखा. त्यांनी तोंड वाकडं होऊ दिलं नाही. लेकराला पहिला घास भरवताना आई जसं स्वतःचं तोंड उघडते, तसं नकळत त्यांचं तोंड थोडं उघडलं.

“बादल,” त्या म्हणाल्या. “इकडे देख. मी देई ऱ्हायनी. खाय, मन्हा बाप, खाय.”

तो वळला. कितीतरी वेळ तो नुसता त्यांचा चेहरा वाचत होता, डावीकडून, उजवीकडून. मग पुढे आला आणि त्याने ती मान त्यांच्या बोटांतून घेतली. नुसत्या ओठांनी. एकही दात त्यांच्या कातडीला लागला नाही.

आणि मग तो कडाका ऐकू आला.

निर्मलाबाईंनी हा कुत्रा बोटभर होता तेव्हापासून पाहिला होता. त्याच्या अंगाचा कोपरान् कोपरा त्यांना माहीत होता. पण हे जनावर त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. त्याचे कान मागे गेले, मान खाली आली, खांद्यांचे स्नायू कातडीखाली सरकू लागले. त्याने पुढचे दोन्ही पंजे मांसावर रोवले, अगदी जन्मभर हेच करत आल्यासारखे, आणि मान तिरकी करून गालातल्या दातांनी हाड चिरलं. ते कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याला कुणी दाखवलंही नव्हतं. दाणे खाताना तो कसा गडबडायचा, अर्धे सांडायचा, ठसकायचा, आणि इथे त्याच्या एकाही हालचालीत चूक नव्हती. ते मोठे पांढरे दात बाईंनी जांभई देताना शंभरदा पाहिले होते आणि त्यांना ते नेहमी थोडे जास्तच वाटायचे, दाण्यांसाठी कशाला हवेत एवढे. आज ते दात आपल्या कामाला लागले होते. ज्याने ते घडवले, तो पुरता जाणत होता की तो काय घडवतो आहे. आणि तो दुसरा कुणी नव्हता, ज्याच्यापुढे निर्मलाबाई रोज दिवा लावतात तोच होता. त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीत हात जोडावेसे वाटणारं काहीतरी होतं. मंदिरात इतक्या वर्षांत त्यांना असं कधी झालं नव्हतं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

दुसरा कडाका इतका मोठा झाला की त्या दचकल्या आणि त्यांच्या तोंडून बारीकसं ‘आई गं’ निघालं.

बादल थांबला. तोंडातलं हाड त्याने तसंच जमिनीवर ठेवलं. मागे सरकला आणि त्यांच्याकडे पाहत बसला. नाकाला रक्त लागलेलं, जिभेवर चव आलेली, पोटात कित्येक दिवसांची आग, आणि तो थांबला होता, कारण बाई दचकल्या होत्या.

तेव्हा निर्मलाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजवर केलेल्या सगळ्या एकादश्या त्यांना आठवल्या. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा शिरा. आपण याला उपास म्हणत आलो. खरा उपास तर या मुक्या जिवाने धरला होता, समोर ताट असताना, कुणी बघत नसताना, देवासाठी नाही, पुण्यासाठी नाही, तर एका बाईने कधीतरी पाठ फिरवली होती म्हणून. तो असाच मेला असता आणि लोकांनी कीर्तनात त्याची गोष्ट सांगितली असती. आणि आपण मंडपात ताठ मानेने बसलो असतो. या विचाराने त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांनी दोन्ही हात, तसेच चिकट, बादलच्या गालांना लावले.

“मन्हाकडे नको देखू आते,” त्या म्हणाल्या. “तुन्हं तू खाय.”

तो पुन्हा खाली वाकला. निर्मलाबाई तिथेच, त्याच्याकडे तोंड करून, तो ताटली चाटेपर्यंत बसून राहिल्या. तोंड फिरवायची आता त्यांची हिंमत नव्हती. विहिरीच्या कठड्यावरून आबांनी एकदा उपरण्याने डोळे पुसले आणि करमसिंगला सांगितलं की वारं फार सुटलंय.

त्या दिवशी उलटी झाली नाही. पुढेही झाली नाही. आठवड्यांमागून आठवडे गेले तशी पाठीवरच्या लाल चट्ट्यांवर लव आली, मग केस आले, काळे आणि दाट. संध्याकाळी पंपावर त्याचं तोंड धुऊन आबा त्याला घरी आणत. तो पुन्हा उसाच्या गाड्यांमागे वेशीपर्यंत जाऊ लागला. गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. पाटलांच्या माळकरी कुत्र्याने माळ तोडली म्हणून लोक हसले, भजनात कुणीतरी टोमणा मारला, तर नवलसिंगने तेवढ्यात ढोलकीवर अशी थाप दिली की पुढचे शब्द कुणाला ऐकूच आले नाहीत. त्याच कीर्तनकारांनी पुढच्या खेपेला निर्मलाबाईंना हळूच विचारलं. बाई म्हणाल्या, की महाराज, माळ मी घातली होती, त्याने मागितली नव्हती.

एक गोष्ट मात्र सुटली नव्हती. बादल त्यांच्याशिवाय खात नव्हता. रोज त्यांनी शेतात जायचं, समोर बसायचं, खाय म्हणायचं, मगच तो तोंड खाली घालायचा. आबांना याचं कौतुक वाटायचं. निर्मलाबाईंना आता ते बघवत नव्हतं. कधी त्यांना ताप आला, कधी त्या सुरतला गेल्या, कधी त्या राहिल्याच नाहीत, तर? आपण मेल्यावरही आपली पाठ याच्या ताटलीपुढे बसून राहील, हा विचार त्यांना झोपू देईना.

म्हणून त्यांनी हळूहळू मागे सरकायला सुरुवात केली. आधी शेडच्या दारात उभ्या राहून खाय म्हटलं. मग विहिरीजवळून. मग बांधावरून. बादल दर वेळी तुकड्यावरून मान वर काढायचा आणि त्यांना शोधायचा. दिसल्या की खायचा. त्या पपईच्या झाडामागे गेल्या, तर तो ताटली सोडून त्यांना हुडकत आला. त्यांनी त्याला परत नेलं, समोर बसल्या, पुन्हा पहिल्यापासून. जे एका दिवसात शिकवलं होतं, ते उतरवायला त्यांना थंडीचा सगळा मोसम लागत होता. पण त्या चिडल्या नाहीत. एवढं चिवट काहीतरी आपण आयुष्यात करू शकतो, याचंच त्यांना नवल वाटायचं.

उन्हाचा चटका वाढला तेव्हा एके दिवशी घरी सुरतचे पाहुणे आले. हेमराजच्या साहेबांचे आईवडील. स्वयंपाक, आग्रह, गप्पा, पान. निर्मलाबाईंचा जीव सारखा शेताकडे ओढत होता, पण उठता येईना. पाहुणे गेले तसा त्यांनी पदर खोचला आणि अनवाणीच निघाल्या. ढेकळं तुडवत, धापा टाकत शेडशी पोचल्या.

ताटली रिकामी होती. बादल शेडच्या सावलीत आडवा पडला होता, पोट गोल, श्वास संथ.

करमसिंग पाण्याची नळी गुंडाळत होता. निर्मलाबाईंनी त्याला विचारलं, “मन्ही वाट नही देखी त्यानी?”

“नही, माय,” करमसिंग म्हणाला. “एक डाव वाटकडे देखं. मंग खाई लिधं.”

बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं, या दिवशी आपल्याला नुसता आनंद होईल. आनंद झालाच, पण त्यासोबत काळजातून काहीतरी निघून गेल्यासारखंही झालं, हेमराज पहिल्यांदा नोकरीला सुरतेच्या गाडीत बसला तेव्हा झालं होतं तसं. बादलने त्यांची चाहूल घेतली. एक डोळा उघडला, शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि तो पुन्हा झोपी गेला. उठून पायाशी आला नाही. त्याला कुणालाच काही विचारायचं राहिलं नव्हतं.

करमसिंग नळी घेऊन बागेकडे वळेपर्यंत निर्मलाबाई थांबल्या. मग त्यांनी त्या झोपलेल्या कुत्र्यापुढे हात जोडले, आणि बराच वेळ ते खाली घेतले नाहीत.